अर्धी राहिलेली फेरी

ओदील चढ चढून आली तेव्हा रानाच्या तोंडाशी दोघं उभे होते. "शिकार चालू आहे" असा बोर्ड वाटेत आडवा लावलेला. एक शिकारी, फेर्नां, थर्मासमधली कॉफी पीत होता. दुसरा तिचा धाकटा भाऊ, रेमी.

"आल्या बघ सायकलवाल्या!" फेर्नां लांबूनच ओरडला. "अहो बाई, आठवडाभर रान तुमचंच असतं की! एक रविवार तेवढा आम्हाला सोडा."

मग त्याने सायकल ओळखली. जाड टायरची, हिरवी, दिदिएची. त्याने टोपी काढली, "माफ करा हं, ओदीलबाई," असं पुटपुटला आणि गाडीत काहीतरी शोधायचं निमित्त करून बाजूला झाला.

मागच्या हिवाळ्यात याच रानात रेमीने रानडुक्कर समजून गोळी झाडली आणि ती ओदीलच्या नवऱ्याला लागली. दिदिए जागच्या जागी गेला. कोर्टाने रेमीची बंदूक कायमची काढून घेतली. तेव्हापासून तो दर रविवारी या बोर्डापाशी उभा राहून सायकलवाल्यांना परत फिरवायचा. हे काम त्यानेच मागून घेतलं होतं. गावात कुणी म्हणायचं, बिचारा. कुणी म्हणायचं, काय निर्लज्ज माणूस आहे! ओदील काहीच म्हणायची नाही. तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

आज मात्र बोलावं लागलं.

"बाजूला हो."

"ताई, आत कुत्री सोडलीयेत. जेवणानंतर ये ना. तेव्हा कुणी नसतं."

"दिदिए सकाळीच निघाला होता. रानातून उतरून खाली कालव्यावर येणार होता. डबा घेऊन मी तिथे बसले होते, पाणी अडवायच्या दरवाजाजवळच्या बाकावर. त्याची फेरी अर्धी राहिलीये, रेमी. मला ती पुरी करायचीय. त्याच वेळी आणि त्याच वाटेने."

"मग निदान हे तरी घाल." रेमीने अंगातलं नारिंगी जाकीट काढून पुढे धरलं. "असल्या करड्या कोटात कुणाला दिसणार तू?"

"त्याने निळं घातलं होतं. डुकरं निळी असतात का रे?"

रेमीने जाकीट तसंच पुढे धरून ठेवलं. ओदीलने बोर्डाला वळसा घातला आणि ती रानात शिरली.

दिदिए उंच होता. तिने सीट खाली करून घेतली नव्हती, त्यामुळे पायडल खाली गेलं की पायाची बोटं कशीबशी पोहोचत. वाट ओल्या पानांनी भरली होती. मुळांवरून जाताना हँडल हिसके देत होतं. गेल्या वर्षीही तो असाच इथून उतरला असेल, मजेत शीळ घालत, तिच्या डब्याचा विचार करत. उतारावर तिला रडू कोसळलं. डोळे पुसायला हात सोडायची सोय नव्हती, म्हणून तिने पाणी तसंच गळू दिलं.

पुढे वाट मोठं वळण घेते. तिथे दोन्ही बाजूंना छातीएवढे नेचे असतात. थंडीत ते वाळून तपकिरी होतात. कुत्र्यांचं भुंकणं जवळ येऊ लागलं. आणि उजवीकडे काटक्या मोडल्या.

ओदीलने दोन्ही ब्रेक दाबले. नेच्यांमधून काहीतरी तपकिरी, बुटकं, थेट तिच्या दिशेने येत होतं. आता हे अंगावर येणार.

"कोण आहे?" ती जीव खाऊन ओरडली. "कोण आहे तिकडे?"

सळसळ थांबली. नेच्यांतून रेमी वर आला. अंगात जुना तपकिरी स्वेटर, हातात ते जाकीट. वळण टाळून तो मधूनच, फांद्यांखालून वाकून धावत आला होता. त्याला धड बोलताही येत नव्हतं.

"घाल ना गं," एवढंच तो म्हणाला.

"वेड लागलंय का तुला?" ओदील किंचाळली. "बिनजाकिटाचा फिरतोस इथे! घातली असती ना कुणी गोळी! मला तर वाटलं डुक्करच—"

तिची नजर त्याच्या तपकिरी स्वेटरवर गेली.

रेमी तिच्याकडे बघत राहिला. वकिलाला सांगून झालं होतं, न्यायाधीशांना सांगून झालं होतं, चर्चमधल्या फादरना सांगून झालं होतं. जिला सांगायचं होतं, तिने दार उघडलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "असंच झालं गं. देवाशपथ, अगदी असंच झालं."

ओदीलने सायकल आडवी टाकली. त्याच्या हातातलं जाकीट हिसकावून घेतलं. तिला वाटलं, फाडून टाकावं. पण तिने ते त्याच्याच अंगावर चढवलं, एक हात, मग दुसरा, आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. रेमी लहान पोरासारखा रडत होता, नाक पुसायचंही भान त्याला नव्हतं.

"माहितीये," ती म्हणाली. "आज कळलं मला."

रेमीने तिचा हात धरायला हात पुढे केला. तोवर तिने सायकल उचलली होती. खाली झाडांच्या फटींतून कालव्याचं पाणी दिसत होतं. ती सीटवर बसली, एक पाय जमिनीला टेकवून थोडी थांबली.

"पण मी विचारलं, रेमी," ती म्हणाली. "कोण आहे, म्हणून विचारलं."