आठ पाण्यांनी धुतलेले सूट

सार्जंट विल्क्सने इस्त्री केलेला सूट उचलून नाकाशी नेला, उजेडात धरला आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच म्हणाला, "चांगलं काम आहे, धोबी."

नसरुद्दीन हसला नाही. या माणसाचं कौतुकही त्याला नको होतं. कुवेतच्या युद्धासाठी ब्रिटिश फौज सौदीतल्या जुबैल बंदरात उतरली, तेव्हापासून तिच्या पुरवठा कोअरचे, म्हणजे रसद दलाचे, कपडे त्याच्या लाँड्रीत येत होते. दर खेपेला हा सार्जंट छडीच्या टोकाने गाठोडी उलटीपालटी करी, जणू नसरुद्दीनचा हात लागला की कापड विटाळतं. नसरुद्दीनही काही कमी नव्हता. तोंडावर 'येस सर' म्हणे आणि पाठ फिरली की दापोलीच्या ठेवणीतल्या शिव्या घाली.

सार्जंटबरोबर आलेला गोपीनाथ कोअरच्या गोदामात कारकून होता. त्याने एका सुटाचं अस्तर बोटांनी चाचपलं आणि मराठीत विचारलं, "नसरुद्दीनभाई, हे किती वेळा धुतलंत?"

"आठ वेला. पानी कालाच येत व्हता. आठव्याला निवल झाला."

गोपीनाथचा चेहरा पडला. "तो मळ नव्हता हो. आत कोळशाची भुकटी असते, ती विषारी वायू शोषून घेते. हे सूट धुवायचेच नसतात. आता नुसतं कापड उरलं." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "गप्प बसा. तुमच्या अरब मालकाला, कफीलला, कळलं तर उद्याच्या विमानात बसवील."

बाहेर ट्रकमध्ये सहा सैनिक बसले होते. हेच सूट घेऊन ते दुपारी सरहद्दीकडे निघणार होते. इराक कधीही वायू सोडील, या धास्तीत अख्खं जुबैल दिवस काढत होतं. नसरुद्दीनच्या मनात आलं, मरेनात का. युद्ध त्यांचं, सूट त्यांचे, धुण्यात टाकले तेही त्यांनीच. पण लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. धुतले तर त्यानेच होते.

"सर," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हे कुणाला देऊ नका. आतला कोळसा मी धुऊन टाकलाय. माझी चूक झाली."

सार्जंटने गाठोड्याबरोबर आलेली चिठ्ठी पाहिली. 'सहा सूट, धुण्यासाठी' असं लिहिलं होतं आणि खाली सही त्याचीच होती. वर कळलं असतं तर दंडावरच्या पट्ट्या गेल्या असत्या. त्याने चिठ्ठीची घडी करून ती खिशात टाकली.

"तू काही बोलला नाहीस आणि मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "गोपीनाथ, गठ्ठा ट्रकमध्ये टाक."

गोपीनाथने मान खाली घातली आणि गठ्ठा उचलायला वाकला.

नसरुद्दीनने टेबलावरची कात्री घेतली. वरचा सूट ओढला आणि पाठीतून उभा कापला. मग दुसरा. वीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकाचं बटणही तुटू दिलं नव्हतं. मग तिसरा. चौथ्या सुटाला सार्जंटची छडी पाठीत बसली. सैनिक धावत आत आले आणि त्यांनी त्याला जमिनीवर दाबलं, तोवर सहावाही फाटला होता.

फाटके सूट कुणाला देता येईनात. त्या सहा जणांना गोदामातून नवे द्यावे लागले. नसरुद्दीनला पोलिसांनी नेलं, त्याचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, रद्द झाला आणि आठवड्याभरात तो मुंबईच्या विमानात होता.

पुढे कोअरच्या युद्धसेवेचा इतिहास छापला गेला. त्यात जुबैलच्या लाँड्रीला दोन ओळी मिळाल्या: 'येथे शत्रूला सामील झालेल्या एका धोब्याने सहा संरक्षक सूट कापून टाकले. सार्जंट विल्क्स यांच्या सतर्कतेमुळे आमच्या सहा जवानांचे प्राण वाचले.'