टॉवेलखालचं वाळवण

नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या अस्मिताला वर्षात तिसऱ्यांदा यीस्ट इन्फेक्शन झालं. डॉक्टरबाईंनी मलम लिहून दिलं आणि बजावलं, "दमट चड्डी घालायची नाही. उन्हात खडखडीत वाळू दे, मगच घाल."

म्हणून तिने आपल्या चड्ड्या पहिल्यांदाच वर टॉवेल न टाकता बाल्कनीतल्या दोरीवर वाळत घातल्या. सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी वरून टॉवेल पसरला.

"अगं, समोरच्या विंगमधून सगळं दिसतं! एवढा संसार केला, पण माझी एक चड्डी कधी कुणाच्या नजरेला पडली नाही."

शेजारच्याच दोरीवर सासऱ्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चार चड्ड्या पताकांसारख्या फडफडत होत्या. त्यांची समोरच्या विंगला सवय होती.

"आई, टॉवेलखाली त्या वाळत नाहीत. दमट राहतात, म्हणून तर मला परत परत होतंय."

दुपारी सासरे झोपल्यावर सासूबाई बाल्कनीत अस्मिताजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते मलम मलापण आण एक. चाळीस वर्षं खाजतंय गं."

 

आणि बोलता बोलता त्यांनी दोरीवरचा टॉवेल आणखी थोडा खाली ओढला.