गाडग्यातल्या वाती

"वात हाये का बैलाचं दावं हाये हे?"

गोदाबाईने वात दोन बोटांत धरून दारातल्या उजेडाकडे नेली. सात वर्षांची शकुन मान खाली घालून कापसाचा पुंजका दाबत राहिली. वात तिने वळली होती, पण शिकवली होती बापाने, नत्थुजीने. आणि बापाला वळता येत होतं ते अंबाडीचं दावं. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, अंगातला जोर लावून पीळ भरायचा, दुहेरी करून पुन्हा भरायचा. त्याने लेकीला तसंच दाखवलं होतं.

"कापूस सोन्याच्या मोलाचा झाला," गोदाबाई म्हणाली. "अकोटात लोकं गाद्या उसवून इकून राहिले. अन् तू पोरीले टोपलंभर खेळायले देला?"

"खेळायले नाई, बाई. शिकायले."

गोदाबाई नत्थुजीची थोरली बहीण. त्याची बायको वच्छला चैत्रात गेली, तेव्हापासून ती तिसऱ्यांदा आली होती. या खेपेला भाचीला न्यायला आली होती, आणि हे तिने गाडीतून उतरता उतरताच सांगितलं होतं.

"उद्या लगन होईल. सासरचे इचारतीन, कोनं शिकवलं? काय सांगन हे, बापानं?"

"भाकर येते तिले. सारवते. पानी आनते."

ते खरं होतं. दुपारी शकुनने थापलेली भाकरी गोदाबाईने उलटून पालटून पाहिली होती, खोड काही सापडली नव्हती, आणि मग तिने मुकाट्याने दीड भाकरी खाल्ली होती. अडलं होतं ते वातीपाशी.

"बरं," ती हसून म्हणाली. "दिवेलागणीले हेच वात देवापुढं लावू. आपली जेवनं होईस्तोर तेवली, तं मी आली तशी एकटी जाईन. इझली, तं सकाळी पोरगी माह्या गाडीत."

शकुनने बापाकडे पाहिलं. नत्थुजी म्हणाला, "लावू."

संध्याकाळी शकुनने वात तेलात चांगली भिजवली, कोनाड्यातल्या देवापुढे लावली आणि हात जोडले. वात पेटली. ज्योत मोठी झाली, तसा नत्थुजीचा जीव भांड्यात पडला. पण बाहेरचं तेल जळून गेलं आणि ज्योत उतरू लागली. वातीचा पीळ इतका घट्ट होता, की खालचं तेल वर चढेना. ताटावर बसल्यापासून नत्थुजीने दिव्यावरची नजर काढली नाही. ज्योत ज्वारीच्या दाण्याएवढी राहिली, तेव्हा गोदाबाई हात धुवायला अंगणात गेली.

नत्थुजी उठला. देवामागे हात घालून त्याने एक गाडगं काढलं. ते वातींनी भरलेलं होतं. फाल्गुनात ताप उतरेना, तेव्हा वच्छला भिंतीला टेकून दिवसभर वाती वळत बसायची. 'शकुन शिकेस्तोर पुरतीन,' म्हणायची. तिच्यामागे नत्थुजीने त्यातली एकही लावली नव्हती. दिव्यात तो दोरीचे तुकडे, चिंधी, काय मिळेल ते जाळत होता. लेकीला नमुना म्हणूनसुद्धा त्याने एक वात दाखवली नव्हती. हाताळून खराब झाली असती.

आता त्याने एक उचलली. बोटांना तिचं वजनच लागेना.

शकुनने त्याचा हात धरला. तिला गाडगं माहीत होतं.

"नका, बाबा. मायच्या सरतीन."

"सरतीन तं सरतीन. तुले जा लागन ना, पोरी."

"मी संक्रातीले येईन. वात जळली तं येते का वापस?"

दिवा विझला.

गोदाबाई पदराला हात पुसत आत आली. चुलीच्या उजेडात तिला भाऊ दिसला, त्याच्या हातातलं गाडगं दिसलं. वच्छलाच्या हातची वात तिला ओळखता आली. ती हसली नाही.

"लाव त्यातली एक. देवापुढं अंधार बरा नाई."

दोघं हलले नाहीत. मग गोदाबाई खाली बसली, टोपल्यातला पुंजका घेऊन बोटांनी पिंजला, मांडीवर ठेवला आणि त्यावरून एकदाच हलका हात फिरवला. वात झाली. ती लावली. ज्योत सरळ उभी राहिली.

शकुन बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच, माय."

नत्थुजी आपल्या तळहाताकडे पाहत होता.

"बरं राहू दे हिले," गोदाबाई हळूच म्हणाली. "संक्रातीपरेंत राहू दे. मी मस्करी केली."

"ने तिले, बाई," नत्थुजी म्हणाला. "सहा महिने मी तिले दावं वळायले शिकवून राहिलो."

सकाळी गाडी गेली. गाडगं त्याने शकुनच्या बोचक्यात लुगड्यात गुंडाळून दिलं होतं.

संध्याकाळी तो कोनाड्यापाशी बसला. समोर टोपल्यात कापूस होता, आणि मांडीवर एकदा हात फिरवला की वात होते, हे त्याला आता माहीत होतं. त्याने शकुनने वळलेल्यांपैकी एक घेतली, तेलात बुडवली आणि लावली. थोड्या वेळाने ती विझली. त्याने चुलीतून पऱ्हाटीची पेटती काडी आणली आणि तीच वात पुन्हा लावली.