निरोगी नमुना

बाबांच्या सिगारेटींनी त्यांच्या पेशींची किती नासधूस केलीय आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी त्यातलं किती सावरलंय, हे लेकीला तिच्या प्रयोगशाळेत पाहायचं होतं. तुलनेला एक निरोगी माणूस हवा होता, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे तो ज्यानं त्यानं आपल्या घरातूनच आणायचा. तिनं आईला विचारलं.

"घे की, मला काय धाड भरलीये!" म्हणत आईनं हात पुढे केला.

सूक्ष्मदर्शकाखाली धड पेशीचा डीएनए गोल दिसतो. तुटलेल्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. पहिल्याच काचेवर शेपट्याच शेपट्या. "बाबा, काय करून घेतलंत हे!" ती पुटपुटली आणि तिनं काचेवरचं नाव पाहिलं. नाव आईचं होतं. अदलाबदल झाली असणार, म्हणून तिनं दोघांचं रक्त पुन्हा घेतलं, पुन्हा तपासलं. बाबांचे गोल बऱ्यापैकी शाबूत होते. आईच्या शेपट्या तशाच.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई बाबांसाठी संत्रं सोलत होती, एकेक फोड बिया काढून. बशीच्या कडेला त्यांची गोळी.

"ह्यांचं कसं आलं गं?"

"चांगलं आलंय. सुधारतायत बाबा."

"सुटले बाई एकदाची!" आईनं शेवटची फोडही बशीत ठेवली आणि ती सालं गोळा करायला लागली.

"आई, तुझं नाही विचारलंस?"

आईला हसूच आलं. "माझं काय विचारायचं? निरोगी माणूस म्हणूनच तर नेलं होतंस ना माझं रक्त?"