दोन्ही नळ्या लाल

टेस्टट्यूबमधलं निळं द्रावण आधी हिरवट झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल. तिने चिमट्यातली नळी बर्नरवरून बाजूला घेतली. लघवीत साखर असली की हे द्रावण असंच रंग बदलतं, आणि लाल म्हणजे साखर भरपूर. परीक्षेतला प्रश्न एवढाच होता: तुम्हाला दिलेल्या 'ख' बाटलीत साखर आहे की नाही?

"काय निघालं?" सरांनी विचारलं.

"साखर आहे सर. भरपूर."

सरांच्या भुवया वर चढल्या. शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बसल्या होत्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

गेल्या वर्षी याच प्रॅक्टिकलने तिचा घात केला होता. तेव्हा नळीत पिवळं दिसत होतं, पण समोरच्यांचा चेहरा बघून तिने निळं सांगितलं आणि सपशेल आपटली. आता एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिची नोकरी तोंडी ठरली होती. पास झाली तर रुजू, नाहीतर तिच्या जागी दुसरी मुलगी तयारच होती. आईने तर सगळ्या बिल्डिंगला सांगूनही टाकलं होतं.

"नळी नीट धुतली होतीस?"

"हो सर."

"परत कर. आणि या वेळी डोकं ठिकाणावर ठेव."

सर तिच्या वाईटावर नव्हते. उलट तिला वाचवायला बघत होते, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं. इतर ठिकाणी या परीक्षेला कसलंतरी पिवळं पाणी करून ठेवतात. सरांना ते मुळीच खपत नसे. उद्या या पोरांना खऱ्या माणसांचं तपासायचंय, मग आज नाटक कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दरवर्षी बाटल्या त्यांच्या घरूनच यायच्या. 'क' बाटली त्यांची स्वतःची. त्यांना डायबेटिस होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलं पाठीमागे त्यांना 'गोड सर' म्हणायची, बोलणं कारल्यासारखं असलं तरी. आणि 'ख' बाटली घरातल्या कुणातरी धडधाकट माणसाची.

तिने नवी नळी घेतली. थेंब मोजून टाकले. ज्योतीवर धरली. हिरवं, पिवळं, लाल.

"लालच आहे, सर."

"उत्तर बदलायचं असेल तर अजून बदलता येईल," परीक्षक बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच मऊ होता, आणि त्यानेच तिला रडू यायला लागलं. सर तर डोळ्यांनी चक्क खुणावत होते. एकदा नाही म्हटलं की सुटली असती. तिने नळीकडे पुन्हा पाहिलं.

"नाही मॅडम. मला जे दिसतंय तेच मी सांगतेय."

"आण ती बाटली इकडे," सर वैतागून उठले. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि स्वतः बर्नरपाशी उभे राहिले. "बघा मॅडम, वर्षभर कानीकपाळी ओरडलो की आधी काचसामान स्वच्छ धुवा. पण यांच्या हाताला कधी..."

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. त्यांच्या हातातली नळीही लाल झाली होती.

"बाटल्यांची अदलाबदल झाली असेल," परीक्षक बाई म्हणाल्या. "घाईत चिठ्ठ्या उलटसुलट लागतात."

"हो, तसंच असणार," सर म्हणाले आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग 'क' बाटली काढली. ही निळी राहिली की झालं. पण तीही लाल झाली.

सरांनी दोन्ही नळ्या शेजारी शेजारी लावून ठेवल्या. लावताना काचेवर काच वाजली.

"म्हणजे दोन्हीत आहे," ती म्हणाली. तिचा आनंद लपत नव्हता. "मी बरोबर होते ना, सर?"

सर नळ्यांकडेच बघत राहिले.

"'ख' बाटली कुणाची होती?" परीक्षक बाईंनी हळूच विचारलं.

"माझ्या मुलीची," सर म्हणाले. "सहा वर्षांची आहे."

तिच्या चेहऱ्यावरचा आनंद जागच्या जागी विझला. आपण जिंकलो याची तिला लाज वाटली.

सर मटकन स्टुलावर बसले. गेले काही दिवस पोरगी सारखं पाणी मागत होती, आणि त्यांनी त्याचं खापर उन्हाळ्यावर फोडलं होतं. काल तिने अंथरूण ओलं केलं तेव्हा 'एवढी घोडी झालीस' म्हणून ते तिच्यावर खेकसले होते. फ्रॉक ढगळ व्हायला लागले तर तिची आई म्हणाली होती, उंच होतेय. हीच लक्षणं सरांनी दरवर्षी फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेतली होती. आणि आज सकाळी तिनेच ती बाटली दोन्ही हातांनी आणून दिली होती, बाबांची परीक्षा आहे म्हणून. सर घाबरले होते, इतके की त्यांना फोनवर स्वतःच्या घरचा नंबर सापडेना.

शेवटी लागला. लॅबमध्ये एवढी शांतता होती की पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"छोटी काय करतेय?" सरांनी विचारलं.

"झोपलीय हो," त्यांची बायको म्हणाली. "तुम्ही गेलात आणि उलट्या सुरू झाल्या. आता हाक मारली तरी डोळे उघडत नाही, पण तुम्ही काळजी करू नका. तुमच्या कपाटातला ग्लुकोजचा डबा सापडला, मघापासून तेच पाण्यात कालवून चमच्याचमच्याने पाजतेय."