तीन ते तीन-चाळीस

आईच्या पलंगाला जोडलेले दोन रबरी हात काढून न्यायला कंपनीचा माणूस आला, तेव्हा वृंदा म्हणाली, "आधी त्या नर्सशी बोलायचंय. खरंच कुणी असेल तर."

हे हात केनियात बसलेली नर्स चालवते, असं कंपनी सांगे. वृंदाला ते कधीच पटलं नव्हतं. ती पुण्याहून पोचायच्या आत, दुपारी तीनला आईची नाडी थांबली. नोंदीप्रमाणे रबरी हाताने आईचा हात सोडला तीन-चाळीसला. माणूस असतं तर कळलं नसतं? आई एकटीच गेली, हा संशय तिला झोपू देत नव्हता.

पडद्यावर पन्नाशीची, थकलेली नर्स दिसली, अचिएंग. भाषांतराचं यंत्र तिचं बोलणं सफाईदार मराठीत ऐकवू लागलं.

"चाळीस मिनिटं हात धरून बसलात? की तिथं कुणी नव्हतंच?"

"डॉक्टरांना लगेच कळवलं होतं," अचिएंग म्हणाली. मग तिने यंत्र बंद केलं आणि अडखळत स्वतःच मराठी बोलू लागली. "मावशी, तुमची आई, शिकवायची. 'ठोंब्ये, नीट बोल!' म्हणायची. शेवटी म्हणाली, 'येते.' येते म्हणजे परत येणार ना? मग मी हात कसा सोडू?"

'ठोंब्ये' हे वृंदाचंच नाव होतं, चुकल्यावर आई घ्यायची ते. आणि 'येते'च्या अर्थात यंत्र कधी चुकलं नसतं.

"काढू का, ताई?" माणसाने विचारलं.

"थांबा जरा."

वृंदाने तो रबरी हात हातात घेतला. तो सावकाश मिटला.