मीटर थांबला

"आता गीझर लाव," सरांनी तळमजल्यावरून हाक दिली.

वरून बायकोचं "लावला" आलं. जिन्याखाली चार मीटर ओळीने बसवलेले होते. सर चष्मा कपाळावर सरकवून त्यांतल्या तिसऱ्यासमोर वाकले होते. घरात वीज जितकी जास्त ओढली जाते, तितका मीटरवरचा लाल दिवा भरभर लुकलुकतो. आत्ता तो लुकलुकतच नव्हता.

सर शाळेत विज्ञान शिकवत. काही दिवसांपूर्वी त्यांनी घरात वीजबचत पुकारली होती. कोणतं उपकरण किती वीज खातं, हे त्यांना तोंडपाठ होतं. एसी सगळ्यांत खादाड, गीझर त्याचा धाकटा भाऊ, इस्त्री चिमूटभर वेळात ढीगभर खाणारी, आणि फ्रिज दिसायला गरीब पण दिवसरात्र चरणारा. जिन्यात भेटेल त्याला थांबवून ते हे सांगत, वर उपायही सुचवत. लोक पिशवी या हातातून त्या हातात घेत ऐकून घेत आणि पाठ वळली की त्यांना वीजमंत्री म्हणत. सरांच्या कानावर ते आलं होतं. इतकी वर्षं नोकरी करून मुख्याध्यापकसुद्धा होता आलं नव्हतं, त्यामुळे मंत्रिपद त्यांना फारसं झोंबलं नाही.

शिवाय मीटर त्यांच्या बाजूने होता. शाळेतून येताना ते रोज तो बघत, आणि तो दिवसेंदिवस सुस्तावत चालला होता. म्हणजे बायको आणि मुलगी कुरकुरत का होईना, ऐकत होत्या. सर स्वतः गार पाण्याने अंघोळ करत आणि दात वाजत असतानाच मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत. आज सुटी होती, म्हणून एकेक उपकरण लावून त्याची भूक बघायचं ठरलं होतं. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनही चार्ज करावा लागतो, म्हणून हाका.

इस्त्री लावून झाली. एसी लावून झाला. दिवा ढिम्म. सरांनी वर ओरडून सांगितलं की बटणं नीट दाबलेली नाहीत. तेव्हा बायको स्वतःच खाली आली. पाणी कढत झालंय, एसीही गारेगार वारा सोडतोय, असं तिने सांगितलं. मग तिने तिसऱ्या मीटरवरची धूळ बोटाने पुसली. खाली शेजारच्या घराचा नंबर निघाला. त्यांचा स्वतःचा मीटर बाजूचा होता, आणि त्याचा दिवा पिसाळल्यासारखा लुकलुकत होता. मीटर उजवीकडून मोजायचे होते. मुलांना निरीक्षण शिकवणारे सर ते डावीकडून मोजत आले होते.

एवढ्यावरही सरांनी हार मानली नाही. मीटर कुठलाही असो, घरात वीज कमी वापरली गेली हे तर खरं ना, असं त्यांनी विचारलं.

"आम्ही काहीच कमी केलं नाही," बायको शांतपणे म्हणाली. "तुम्ही शाळेत गेलात की आम्ही सगळं लावतो."

म्हणजे घरात गार पाण्याने अंघोळ करणारा माणूस एकच होता. सरांना हसावं की शिंकावं ते कळेना.

बायको मात्र अजून त्या थांबलेल्या दिव्याकडेच बघत होती. तो मीटर शेजारच्या मावशींचा होता. टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या मावशी एकट्याच राहत.

"त्यांचा फ्रिजसुद्धा बंद आहे," ती म्हणाली. "आणि चपला तर दारातच आहेत."

दोघं धावतच वर गेले. मावशींची जादा किल्ली त्यांच्याकडेच असे. दार उघडलं तर मावशी समोरच फरशीवर पडलेल्या, बाजूला आडवं झालेलं स्टूल. शुद्धीवर होत्या. त्यांनी बऱ्याच हाका मारल्या होत्या, पण जिन्यात सरांच्याच हाका इतक्या जोरात चालल्या होत्या की त्यांचं कुणाला ऐकूच गेलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. ती बातमी सरांच्या आधी घरी पोचली. वीजमंत्री म्हणणारे आता आपल्या मुलांना सर दाखवू लागले. शेजाऱ्याच्या मीटरवरही ज्याचं लक्ष असतं तो खरा शेजारी, असं कुणीतरी जाहीर केलं. आपण चुकीचा मीटर बघत होतो, हे सरांनी सांगून पाहिलं. लोकांनी तो त्यांचा विनय मानला. पुन्हा सांगितलं, तर विनय आणखीच वाढला. मग सरांनी सांगणं सोडून दिलं. तेही माणूसच होते.

दुसऱ्या दिवशी ते फळं घेऊन दवाखान्यात गेले. आभार मानले गेले की काय म्हणायचं, ते त्यांनी वाटेत ठरवून ठेवलं होतं. मावशींनी आभार मानलेच. मग सरांनी सहज विचारलं, की पडलात कशा.

मावशी ओशाळल्या. जन्मभर साहेबांनी सांगितलेलं टाइप केलं, त्यामुळे सांगितलेलं गाळायची सवयच नाही, म्हणाल्या. सरांचं ऐकून त्यांनी आधी एसी बंद केला होता, मग गीझर, मग इस्त्री.

"काल भाजी आणायला निघाले होते. तुम्ही सांगता ना, बाहेर जाताना मेन स्विचच बंद करावा. माझा फार उंचावर आहे हो. म्हणून स्टुलावर चढले. बंद केला, आणि उतरताना तोल गेला."

सरांच्या हातातली फळांची पिशवी हातातच राहिली. एवढ्या बिऱ्हाडांत त्यांचं मनापासून ऐकणारं एकच माणूस होतं, आणि ते समोर पाय बांधून पडलं होतं.

मावशींनी उशीवरून मान थोडी उचलली.

"आकडा कमी झाला का हो, सर?"

"झाला, मावशी," सर म्हणाले. "मीटर पार थांबला."